दीड स्क्वेअरची वायर

डिसेंबरातला रविवार. मुरूडहून परत येताना खांदेरीचं दीपगृह उजव्या हाताला आलं तेव्हा सूर्य बुडून दहा मिनिटं झाली होती. मी नेव्हिगेशन लाइटचं बटण दाबलं. नाळेवरचे लाल-हिरवे दिवे लागले, पण देवघरातल्या निरांजनाला जेवढा उजेड असतो तेवढाच. समोरून एक ट्रॉलर सरळ आमच्या रोखाने येत होता. त्याला आम्ही दिसतोय की नाही, कळायला मार्ग नव्हता. रेडिओ उचलला. ऐकू सगळं येत होतं, पण बोलायचं बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा आणि रेडिओ पुन्हा पहिल्यापासून चालू व्हायचा. वारा पडला होता, म्हणून धाकट्या भावाने इंजिनची किल्ली फिरवली. आतून फक्त 'कट्' एवढाच आवाज आला.

आमचं इंजिन छोटं, एका सिलिंडरचं डिझेल आहे. त्याला हँडल मारता येतं. भावाने सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा खटका वर केला, मी टॉर्च धरला आणि तिसऱ्या खेपेला इंजिनने धर धरली. अल्टरनेटर फिरू लागल्यावर दिवे जरा उजळले. मधल्या वेळात मी शिडावर टॉर्चचा झोत मारत राहिले होते, तो पाहून ट्रॉलरने वळण घेतलं. गेटवेसमोरच्या आमच्या मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बोट बांधून ठेवायच्या जागी, पोहोचायला साडेनऊ वाजले. माझी अकरा वर्षांची मुलगी केबिनमध्ये झोपली होती. तिला काहीच कळलं नव्हतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आमची बोट सव्वीस फुटांची, फायबरची, शिडाची. मी आणि भावाने मिळून ती जुनी विकत घेतली होती. बॅटऱ्या दोन होत्या, एक जरा नवी, एक बरीच जुनी, दोन्ही ट्रकला बसवतात तशा, समांतर जोडलेल्या. इंजिन सुरू करायचं काम त्यांचंच, दिवे-पंखे-रेडिओचं कामही त्यांचंच. दुसऱ्या दिवशी मी ठरवून टाकलं की बॅटरी मोठी घ्यायची. दुकानात गेले, तर दुकानदाराने दीडशे एएचची, म्हणजे दीडशे अँपिअर-तासांची, ट्यूब्युलर पुढे केली. इन्व्हर्टरला लावतात तीच, घराघरात असते ती. पैसेही जवळजवळ काढले होते.

अडवलं ते आमच्या शेजारच्या काकांनी. त्यांचं सगळं आयुष्य रेल्वेत, डब्यांमधल्या दिव्यापंख्यांच्या कामात गेलं. डब्याखालच्या बॅटऱ्या, आखावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर, ११० व्होल्ट डीसी. डीसीचा माणूस मला जिन्यावरच भेटत होता आणि मी कधी विचारलं नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, बॅटरी मेली म्हणतेस, पण मोजलंस का? बॅटरीवर किती आणि रेडिओपाशी किती?"

मोजलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मल्टिमीटर घेऊन आम्ही तिघं बोटीवर गेलो. बॅटऱ्या आदल्या रात्री घरी आणून चार्ज केल्या होत्या. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४ व्होल्ट. भावाने रेडिओचं बटण दाबून धरलं. बॅटरीवर तेव्हाही १२.४च्या आसपास, आणि रेडिओच्या पाठीमागे १०.६. बॅटरी आणि रेडिओ यांच्यामध्ये १.८ व्होल्ट कुठेतरी गळत होते.

काकांनी तिथेच पेन्सिल काढली. रेडिओ बोलताना साधारण साडेपाच अँपिअर घेतो. वायर दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची. बॅटरीपासून रेडिओपर्यंत सात मीटर, पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून चौदा मीटर धरायचे. ही मेख मला माहीत नव्हती आणि माझ्या मते बोटीच्या वायरिंगमध्ये सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. तांब्याचा रोध ०.०१७५, गुणिले चौदा, भागिले दीड, गुणिले साडेपाच. उत्तर आलं ०.९ व्होल्ट. म्हणजे निम्मी गळती वायर बारीक असल्याची. उरलेले ०.९ कुठे गेले?

ते आमच्या तांडेलांनी दाखवलं. हे कोळीवाड्यातले. आठवडाभर बोटीवर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी स्विच पॅनेलमागची एक लाल वायर ओढली, चाकूने तिचं आवरण टोकापासून वीतभर सोललं आणि माझ्या हातात दिली. "बाय, ह्या तारंत जीव नाय उरला." आवरण बाहेरून नवं दिसत होतं. आतली तार काळीकुट्ट, मधूनमधून हिरवी, आणि बोटांनी चोळली की भुगा पडायचा. खाऱ्या हवेतली ओल उघड्या टोकातून शिरते आणि केशाकर्षणाने तारांच्या जुडग्यातून आत-आत चढत जाते. घरातली साधी तांब्याची वायर समुद्रावर अशी सडते. टोक कापून नवा जोड दिला तरी भागत नाही, कारण एक वीत मागेही काळंच असतं.

मग मोठी बॅटरी घेण्याचा विचार मी बाजूला ठेवला. आधी बोटीला नक्की किती लागतं ते मांडायचं ठरवलं. एका वहीच्या पानावर चोवीस तासांचा हिशेब केला. मुक्कामाचा मास्टवरचा दिवा ०.२ अँपिअर, अकरा तास. केबिनचे एलईडी दिवे चार तास. दोन छोटे पंखे रात्रभर, कारण मुंबईच्या दमट हवेत पंख्याशिवाय केबिनमध्ये झोप अशक्य. नकाशा दाखवणारा चार्टप्लॉटर एक अँपिअर, आठ तास. ऑटोपायलट सरासरी दीड अँपिअर, सहा तास. रेडिओ नुसता ऐकायला, आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस, फोन, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप. बेरीज ४४ एएच. भावाला फ्रिज हवा होता. आपल्या उन्हात छोटा फ्रिजसुद्धा दिवसाला आणखी ४० एएच सहज खातो, म्हणजे एका फ्रिजपायी सगळा हिशेब दुप्पट. आम्ही बर्फाची पेटीच ठेवली. मी अजूनही म्हणेन की सव्वीस फुटी बोटीवर शनिवार-रविवारसाठी फ्रिज नको.

दोन रात्रींचे झाले ८८. मूरिंगवर किनाऱ्याची वीज नाही, बोट सहा दिवस एकटी झुलत असते. तेव्हा भरणा सूर्याचाच. शंभर वॅटच्या सोलर पॅनेलकडून मुंबईत उन्हाळ्या-हिवाळ्यात दिवसाला साधारण २५ एएच धरावेत. त्याहून जास्त धरू नये, कारण शिडाखालच्या आडव्या काठीची, बूमची, सावली पडते आणि पॅनेलवर पक्षी बसतात. दोन दिवसांचे ५० वजा जाता शेवटी कमी पडत होते सुमारे ४० एएच, आणि ढगाळ दिवसासाठी हाताशी काही राखीव हवं.

आता बॅटरी कुठली, हा प्रश्न नीट विचारता आला. इंजिन सुरू करायच्या बॅटरीत पातळ आणि भरपूर पत्रे असतात. दोन-तीन सेकंद भरमसाट प्रवाह द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखे चालवले की ती खोलवर उतरते आणि थोड्याच फेऱ्यांत संपते. शिवाय शिशाची कुठलीही बॅटरी अर्धी रिकामी ठेवली की पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते. आमच्या दोन्ही बॅटऱ्या प्रत्येक रविवारी अर्ध्या रिकाम्या होऊन सहा दिवस तशाच पडून राहायच्या. भर म्हणून त्या वेगवेगळ्या वयाच्या. जुनी नवीला ओढत होती. बिचाऱ्या बॅटऱ्यांचा दोष नव्हता.

ट्यूब्युलरबद्दल मला अन्याय करायचा नाही. तिचे जाड नळीदार पत्रे खोल उतरायलाच बनवलेले असतात, आणि सपाट चालणाऱ्या हाउसबोटीवर ती चांगली चालेल. पण शिडाची बोट वाऱ्यात पंचवीस-तीस अंश कलंडते. तेव्हा झाकणांतून ॲसिड बाहेर येणार. तळातलं खारं पाणी बॅटरीच्या आत शिरलं तर क्लोरीन वायू होतो, बंद केबिनमध्ये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो तो वेगळाच. आणि ती उंच बॅटरी आमच्या फळीखाली मावणारही नव्हती.

उरले दोन पर्याय. एजीएम, म्हणजे बंद शिशाची बॅटरी. ती सांडत नाही, पण निम्मीच वापरायची असते. म्हणून मला दोन लागल्या असत्या, मिळून साठ किलोच्या जवळ. नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेट. ती ऐंशी टक्के वापरता येते, शंभर एएचची एक पुरली असती, वजन बारा किलो, आणि अर्धवट भरलेली राहिली तर तिला काहीच होत नाही. आमच्या सहा दिवसांच्या एकटेपणाला हा शेवटचा गुण सगळ्यांत मोलाचा होता. किंमत एजीएमच्या जोडीहून जास्त पडली, पण मी ती घेतली. इंजिनला मात्र छोटी एजीएमच ठेवली.

दोन वेगळ्या जातीच्या बॅटऱ्या थेट जोडायच्या नाहीत. लिथियम बॅटरी हावरटासारखी चार्ज घेते. आमचा ३५ अँपिअरचा अल्टरनेटर तिच्यापुढे पूर्ण ताकदीने फिरत राहिला असता आणि तापून जळला असता. दुसरी गोष्ट, तिच्या आतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, संरक्षणासाठी कधीही झटक्यात जोडणी तोडते. चालू अल्टरनेटरचा भार असा एकदम सुटला की व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जातात. म्हणून अल्टरनेटर फक्त एजीएमला जोडला आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवला, अल्टरनेटरच्या निम्म्या ताकदीचा. तो एजीएमकडून हळूहळू घेतो आणि लिथियमला तिच्या पद्धतीने देतो.

बिल्ज पंपावरून काकांचा आणि माझा वाद झाला. पंप मेन स्विचच्या आधी, स्वतःचा फ्यूज देऊन थेट बॅटरीला जोडायचा, यावर एकमत होतं. स्विच बंद करून आपण घरी गेलो तरी बोट बुडता कामा नये. पण कुठल्या बॅटरीला? काका म्हणत होते मोठी ती लिथियम. मी म्हणत होते, जी बॅटरी स्वतःहून तोडू शकते तिच्यावर एकट्या बोटीचा पंप कसा सोडायचा? शेवटी पंप एजीएमला जोडला आणि तिला वीस वॅटचं वेगळं पॅनेल आणि स्वतंत्र कंट्रोलर दिला. इंजिनची बॅटरी पंपाने उतरवली तरी हँडल आहेच.

वायरसाठी लोहार चाळ पालथी घातली. दुकानातून बहुतेक साधी तांब्याचीच पुढे यायची. मला हवी होती टिन्ड, म्हणजे प्रत्येक तारेवर कथिल चढवलेली. आजी तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची ती याच कथिलाची. भांड्यातलं अन्न कळकू नये म्हणून कल्हई, तार सडू नये म्हणूनही कल्हई. सोललेलं टोक चांदीसारखं पांढरं दिसलं की ओळख पटते. चौथ्या दुकानात मिळाली. रेडिओला सहा स्क्वेअर. चार स्क्वेअरने गळती ०.३४ व्होल्टवर आली असती. महत्त्वाच्या उपकरणांना तीन टक्के, म्हणजे ०.३६ पर्यंत चालते असं धरतात, तेव्हा चारही बसत होती, पण अगदी कडेला. सहाने ती ०.२२ झाली. स्टार्टरला पस्तीस स्क्वेअर.

लग, म्हणजे केबलच्या टोकाची तांब्याची टोपणं, बसवायचं काम मी स्वतः करायचं ठरवलं. नागदेवी स्ट्रीटवरून लग दाबून बसवणारं, षटकोनी डायचं (साच्याचं) हायड्रॉलिक यंत्र आणलं. पहिला लग पंच केला आणि काकांच्या सांगण्यावरून लोखंडी करवतीने मधोमध कापला. कापाच्या तोंडावर तारा वेगवेगळ्या दिसत होत्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या, आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी. डाय एक नंबर मोठी होती. लहान डाय लावून दुसरा केला, कापला. आता तांबं एकसंध, चाकूने कापलेल्या पेढ्यासारखं, तार कुठे संपते आणि लग कुठे सुरू होतो ते ओळखू येईना. असा जोड हवा. त्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून हीटगनने तापवायची. दोन्ही कडांना गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की पाणी आत जायची वाट बंद झाली म्हणून समजावं. असे अडतीस लग मी पाच आठवड्यांत केले. सोल्डरचा एकही डाग दिला नाही. नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवला तर बोटीच्या थरथरीने तार सोल्डरच्या कडेला मोडते.

कामाला हात लावायच्या आधी मी मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी काढून पाकिटात ठेवत असे. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लिथियम बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये धातू आला तर काही हजार अँपिअर वाहतात. बोटातली अंगठी क्षणात लाल होईल. पान्यांच्या दांड्यांना मी टेप गुंडाळली होती. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. काढताना आधी निगेटिव्ह.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत. फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो, वायरीला आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा जेवढा लांब तेवढी उघडी जोखीम. लिथियमसाठी साधा मोटारीचा फ्यूज चालत नाही. एवढ्या मोठ्या शॉर्टमध्ये तो वितळला तरी आतल्या ठिणगीतून प्रवाह चालूच राहू शकतो. वीस हजार अँपिअरपर्यंत तोडू शकणारा टी क्लासचा फ्यूज मागवून घ्यावा लागला आणि त्याच्यासाठी आम्ही दोन आठवडे थांबलो. ते दोन आठवडे भाऊ फार चिडला होता, हंगाम चालला होता. मी ऐकलं नाही.

एक चूक माझीही झाली. नवा बॅटरी मॉनिटर बसवल्यावर पहिल्या दिवशी तो सांगत होता की काहीच खर्च होत नाही. पंखे चालू, दिवे चालू आणि खर्च शून्य. तासभर शोधल्यावर दिसलं, स्विच पॅनेलची निगेटिव्ह मी सवयीने थेट बॅटरीच्या टर्मिनलवर दिली होती. मॉनिटरचा प्रवाह मोजणारा तुकडा, म्हणजे शंट, निगेटिव्ह बाजूला बसतो आणि त्याच्यातून जे जातं तेवढंच तो मोजतो. बॅटरीच्या बाजूला शंटची एकच केबल हवी, बाकी सगळ्या निगेटिव्ह पलीकडच्या बाजूला. लिथियमला हा मॉनिटर लागतोच. शिशाची बॅटरी विसावलेली असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, असं व्होल्टमीटरवरून कळायचं. लिथियमचं व्होल्टेज भरलेली असो की अर्धी, तेराच्या थोडं वरच रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळं जोडून झालं. काकांनी शेवटचा निगेटिव्ह नट आवळला आणि मी मल्टिमीटर घेऊन रेडिओमागे आडवी झाले. भावाने बटण दाबलं. बॅटरीवर १३.२, रेडिओवर १२.९. काकांनी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा एकदा स्वतः वाचला.

पुढच्या शनिवारी मांडव्याच्या बाहेर नांगर टाकून आम्ही रात्र काढली. मुद्दाम सगळं चालू ठेवलं. माझ्या वहीत रात्रीचा खर्च २० एएच होता, मॉनिटरवर सकाळी २३ निघाला. मुलीने तिसरा पंखा लावला होता. सकाळी किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. तांडेल पहाटेच त्यांच्या होडीने जवळून गेले होते. आमचा दिवा त्यांना खूप लांबून दिसला, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. आता त्यांच्या होडीवरच्या दिव्यांची वायर बघायला मी आणि काका जाणार आहोत. उरलेलं अर्धं वेटोळं तिथेच लागेल.

जूनमध्ये बोट किनाऱ्यावर चढवली. लिथियम बॅटरी निम्म्यावर आणून मेन स्विच बंद केला, तिला पूर्ण भरून चार महिने ठेवणं बरं नाही. एजीएमचं उलटं, ती भरलेलीच हवी, म्हणून ती घरी आणून बारीक चार्जरवर लावली आहे. डोलकाठीतली वायर मात्र अजून जुनीच आहे. काठी उतरवल्याशिवाय ती ओढता येत नाही, आणि काठीच्या बुडाशी असलेल्या प्लगच्या पिना मी पाहिल्या आहेत, हिरव्या पडल्यात. पंधरा मीटरचं वेटोळं माळ्यावर आणून ठेवलं आहे. नारळी पौर्णिमेच्या आत काठी खाली घ्यायची, असं तांडेलांशी ठरलं आहे.